चाकांवरची मोरी

मोटरहोमच्या जाहिरातीत एक तळं असतं, मावळता सूर्य असतो आणि गाडीबाहेर मांडलेल्या दोन खुर्च्या असतात. संडासाची टाकी कधीच नसते. पण फिरत्या घरातला दिवस चांगला जाणार की वाईट, हे बहुतेक वेळा त्या टाकीवरच ठरतं. ती कधी भरणार, कुठे रिकामी होणार आणि ती उचलून कोण नेणार, या तीन प्रश्नांची उत्तरं ज्याच्याकडे आहेत, त्याने खुशाल तळ्याकाठी खुर्ची टाकावी.

मुलगी म्युनिकला असते. तिच्याकडे गेलो असताना आम्ही नवरा-बायकोने एक मोटरहोम भाड्याने घेतलं आणि ऑस्ट्रिया ओलांडून इटलीतल्या गार्दा तळ्यापर्यंत गेलो. गाडी फियाट डुकाटोच्या सांगाड्यावर बांधलेली. युरोपातली निम्मी फिरती घरं याच सांगाड्यावर उभी आहेत की काय, असं वाटावं इतक्या त्या दिसतात. एकूण वजन साडेतीन टनांच्या आत, कारण तिथे कारच्या साध्या परवान्यावर तेवढ्याच वजनाची गाडी चालवता येते. ह्यांचा इथला परवाना आणि बंगळूरच्या आरटीओतून काढलेलं आंतरराष्ट्रीय परमिट एवढ्यावर काम भागलं. मात्र साडेतीन टन म्हणजे साडेतीन टन. शंभर लिटर पाणी भरलं की शंभर किलो तिथेच गेले. मग माणसं, गॅसच्या टाक्या आणि मी बरोबर घेतलेला तांदूळ. हमरस्त्यावर अडवून गाडीचं वजन करतात आणि जास्त भरलं तर दंड करतात, हे मुलीने इतक्यांदा सांगितलं की मी लोणच्याची काचेची बरणी तिच्याकडेच ठेवली.

ऑस्ट्रियात शिरताना हमरस्त्यासाठी 'विन्येत' नावाचा पास घ्यावा लागतो. साडेतीन टनांवरच्या गाडीला तो चालत नाही, तिला किलोमीटरप्रमाणे टोल मोजणारं यंत्र बसवावं लागतं. आपल्याकडे पास आहे म्हणून निश्चिंत व्हावं, तर ब्रेनर खिंडीच्या रस्त्याचा टोल पुन्हा वेगळा. इटलीत जुन्या गावांच्या मध्यभागी बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. तिथे ना चौकी, ना शिपाई, नुसता कॅमेरा. दंडाची नोटीस भाड्याच्या कंपनीकडे जाते, ती आपला सेवा आकार लावते आणि बंगळूरला घरी बसून चहा पिताना तुम्हाला ईमेल येतो. आम्ही गावाबाहेर गाडी लावून बसने आत जायचो, त्यामुळे वाचलो.

रात्रीचं काय, हा आपल्याकडे सर्वांत अवघड प्रश्न. तिकडे त्याचं उत्तर दगडावर कोरल्यासारखं ठरलेलं आहे. जर्मनीत गावोगावी नगरपालिकेने किंवा एखाद्या द्राक्षबागवाल्याने केलेली 'श्टेलप्लाट्झ' नावाची जागा असते. आखलेले चौकोन, विजेचा खांब, यंत्रात नाणं टाकलं की पाण्याचा नळ आणि एका कोपऱ्यात सांडपाणी सोडायची जाळी. फ्रान्समध्ये अशा जागांना 'एर' म्हणतात. तिथेही हीच व्यवस्था, आणि अशा जागा हजारोंनी आहेत. जर्मनीत तर साध्या वाहनतळावरही, मनाई नसेल तर, एक रात्र गाडीत झोपता येतं. कायदा म्हणतो, चालकाला पुन्हा गाडी चालवण्याइतकी विश्रांती मिळायला हवी. पण बाहेर खुर्ची मांडली किंवा गाडीला लावलेलं कापडी छत उघडलं, की ती विश्रांती संपून मुक्काम सुरू होतो आणि मुक्कामाला परवानगी नाही. म्हणजे आत झोपलात तर चालक, बाहेर चहा प्यालात तर गुन्हेगार. मला हा नियम फार आवडला. त्यात माणसाच्या थकव्याची दखल आहे आणि ऐसपैसपणाला लगाम आहे.

पाऊस लागला की मात्र सगळी मौज आटते. साल्झबुर्गच्या आसपास पाऊस एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही. सहा-सात चौरस मीटरच्या खोलीत ओले जोडे, ओल्या छत्र्या, दोरीवर न वाळणारे मोजे आणि चाळीस वर्षं संसार केलेली दोन माणसं. एक जण उठला की दुसऱ्याने पाय वर घ्यायचे. मी मोहरीची फोडणी दिली आणि धूर ओळखणारी शिट्टी अशी किंचाळली की शेजारच्या गाडीतले डच आजोबा छत्री घेऊन धावत आले. त्यानंतर फोडणी दुपारी, दारं उघडी ठेवून. पण दुपारी एक ते तीन तिथल्या बहुतेक कॅम्पमध्ये शांततेची वेळ. गाडी हलवायची नाही, आवाज करायचा नाही. आपल्या पुण्याच्या दुपारचे हे सख्खे मावसभाऊ.

आता त्या टाकीकडे येते. तिकडच्या गाड्यांत संडासाच्या खाली वीसेक लिटरची प्लास्टिकची पेटी असते. बाहेरून एक दार उघडून ती ओढून काढायची, तिला चाकं आणि दांडा असतो, आणि प्रवासी बॅग न्यावी तशी ती ठरलेल्या जागी न्यायची. दोन माणसांना दोन-तीन दिवस पुरते. सकाळी आठच्या सुमारास कॅम्पमध्ये या पेट्यांची रांग लागते. गाऊन घातलेले आजोबा, दात घासत आलेला तरुण, टापटीप केस विंचरलेल्या बाई. प्रत्येकाची पेटी प्रत्येकाच्या हातात. 'गुड मॉर्निंग' होतं, हवेवर दोन वाक्यं होतात, पेटी ओतली जाते, विसळली जाते, त्यात रसायनाचं एक टोपण पडतं आणि माणूस नाश्त्याला जातो. कुणाच्याही चेहऱ्यावर काही नाही. ह्यांनी पहिल्या दिवशी पेटी उचलली तेव्हा मी दुसरीकडे पाहिलं होतं. चौथ्या दिवशी मीच नेली.

हे सगळं एका दिवसात झालेलं नाही. जर्मनीतल्या पहिल्या फिरत्या घराची गोष्ट अशी सांगतात की आरिस्ट डेथलेफ्स नावाचा एक कारखानदार चाबूक आणि स्कीच्या काठ्या विकत गावोगाव हिंडायचा. त्याची चित्रकार बायको फ्रिडेल हिला त्याच्याबरोबर जायचं होतं आणि वाटेत चित्रंही काढायची होती. म्हणून त्याने 1931 मध्ये मोटारीमागे ओढायची खोली बांधली. गाडी बायकोच्या हट्टातून आली. व्यवस्था मात्र नगरपालिकांनी मागून, हळूहळू उभी केली.

गार्दाचे फोटो पाहून पुण्याचे माझे दीर म्हणाले, "वहिनी, हे सगळं आपल्याकडे का नाही करायचं?" दीर-जाऊबाई दिवाळीनंतर उद्यान एक्सप्रेसने आले आणि आम्ही बंगळूरहून चौघांनी निघायचं ठरवलं.

बंगळूरमध्ये कॅम्परव्हॅन भाड्याने देणारे आता बरेच आहेत. मोठ्या गाड्या बसच्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात, त्यांत चार-सहा जणांची झोपायची सोय, न्हाणीघर, एसी, जनरेटर. त्या चालकासकटच मिळतात. लहान गाड्या टेम्पो ट्रॅव्हलरवर. बंगळूरमध्ये तिला कुणी पूर्ण नावाने हाक मारत नाही, ती 'टीटी'. आमची टीटीच होती, आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची, म्हणजे दिरांच्या गावचीच. पिवळी पाटी, म्हणजे भाड्याची गाडी आणि सोबत चालक. आपल्याच जुन्या टीटीत सुताराकडून ओटा आणि पलंग ठोकून घेऊ, असा विचार कुणी करत असेल तर सांगते: 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत हे स्पष्ट केलं आहे. 'मोटर कॅराव्हॅन' म्हणून नोंद व्हायला एआयएस-124 या मानकाप्रमाणे मान्यता लागते. कागदावर आपण अगदीच मागे नाही. महाराष्ट्र आणि केरळ या दोन्ही राज्यांनी 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाची धोरणं जाहीर केली, आणि केरळात वागमोनला पुढच्याच वर्षी पहिलं कॅराव्हॅन पार्क सुरूही झालं. पण बंगळूरहून निघालेल्या माणसाला पहिल्या टोलनाक्याच्या आधीच जे लागतं ते धोरण नसतं, झाड असतं.

मल्लेश्वरमच्या आमच्या गल्लीत पर्जन्यवृक्षाच्या फांद्या रस्त्यावर कमानीसारख्या टेकल्या आहेत आणि त्यांच्याखालून केबलच्या तारा लोंबतात. आमचे चालक, त्यांना आम्ही सगळे अण्णाच म्हणत होतो, त्यांच्याकडे टोकाला फाटा असलेली एक वेळूची काठी होती. दीर खाली उतरून काठीने तारा वर धरणार आणि अण्णा गाडी इंच-इंच पुढे काढणार. समोरच्या इमारतीतल्या गृहस्थांनी गॅलरीतून विचारलं, "शूटिंगा?" पुढे जिथे जिथे थांबलो तिथे हाच प्रश्न. कर्नाटकात असली गाडी म्हणजे व्हॅनिटी व्हॅन. आतून कुणी नट न उतरता गुडघ्याला पट्टा बांधलेल्या जाऊबाई उतरल्या की पोरांची निराशा लपायची नाही.

गोरगुंटेपाळ्य, पीण्याचा उड्डाणपूल, नेलमंगलचा टोल. हा राष्ट्रीय महामार्ग 48. न वळता चालत राहिलात तर हाच हुबळी, बेळगाव, कोल्हापूर करत पुण्याला जातो, त्यामुळे दिरांना तो घरचा वाटत होता. तुमकुराच्या अलीकडे क्यातसंद्रला तट्टे इडलीसाठी थांबलो. ताटाएवढी इडली, वर लोण्याचा गोळा. स्वयंपाकघर बरोबर घेऊन निघालेल्या माणसांनी पहिल्याच तासाला बाहेर खावं, हे आमच्या सहलीचं खरं स्वरूप होतं. ओटा सगळ्यांत जास्त वापरला गेला तो चहासाठी.

स्वयंपाक न होण्याचं कारण रस्त्यात होतं. महामार्ग चांगला, पण त्यावरून गावात वळलं की हंप सुरू. गतिरोधक हा शब्द इथे फार सभ्य वाटतो. पट्टे नाहीत, फलक नाही, उंची ज्याने बांधला त्याच्या मनासारखी. टीटीचं शेपूट मागच्या चाकांच्याही बरंच मागे गेलेलं, त्यामुळे मागची चाकं हंपावर आदळली की मागे बसलेला माणूस उडतो. हिरियूरजवळच्या अशाच एका हंपावर वरच्या फळीचं दार उघडलं, पोह्यांचा डबा सुटला आणि जाडे पोहे गादीत, चपलांत, चार्जरच्या भोकात जाऊन बसले. तेव्हापासून अण्णांनी नियम केला: गाडी सुरू करण्याआधी प्रत्येक खिट्टी हाताने ओढून पाहायची. युरोपातही ती तपासणी करायचो, पण ती वळणांसाठी.

वाणी विलास सागर पाहायला आत वळलो. दोन टेकड्यांमधली चिंचोळी फट अडवून म्हैसूरच्या राजांनी 1907 मध्ये पुरं केलेलं हे धरण 1933 नंतर थेट 2022 मध्ये ओसंडून वाहिलं. पाण्याची इतकी वर्षं वाट पाहिलेला हा मुलूख आहे, हे पुढे आम्हाला टाकी भरताना कळत गेलं.

पिण्याच्या पाण्याची सोय मात्र इथे युरोपाइतकीच चोख निघाली आणि त्याचं श्रेय कुणी देत नाही. कर्नाटकातल्या खेड्यांत 'शुद्ध कुडियुव नीरिन घटक' असे फलक असलेली छोटी केंद्रं दिसतात. पंचायतीची, आत आरओ यंत्र. पाच रुपयांचं नाणं टाकायचं, खाली वीस लिटरचा कॅन धरायचा, मोजून तेवढं पाणी येतं. तुमकूर जिल्ह्यातला पावगड तालुका आणि चित्रदुर्गाचा बराच भाग, इथे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, म्हणून ही केंद्रं चैनीची नाहीत. सकाळी तिथे सायकलींना लटकवलेल्या कॅनांची रांग असते. त्या रांगेत दीर उभे राहिले, पुढच्या आजींनी त्यांचा कॅन आधी भरून दिला आणि नाणं अडकल्यावर यंत्राला कुठे चापट मारायची तेही दाखवलं. आंघोळीचं पाणी बोअरचं. त्यात साबणाचा फेस येत नाही, केसांचा झाडू होतो.

पहिली रात्र महामार्गावरच्या पेट्रोल पंपावर काढली. अण्णांचं म्हणणं, नवीन माणसांनी पहिल्या रात्री उजेडातच झोपावं. डिझेल तिथे भरलं होतं, त्यामुळे मालकाची हरकत नव्हती. ट्रक रात्रभर येत-जात होते, एअर ब्रेकचे सुस्कारे, कुत्री, आणि पहाटे चार वाजता क्लीनरने लावलेली भक्तिगीतं. सकाळी टाकीचा विषय निघाला. पंपावरचा मुलगा सहज म्हणाला, "सर, माणूस आहे, बोलावतो. तो करेल साफ." त्याच्या बोलण्यात वाईट हेतू काही नव्हता, त्याला वाटलं आपण मदत करतोय. पण तो 'माणूस' कोण असणार, कुठल्या वस्तीतून येणार, हे आम्हा पाचही जणांना न सांगता कळलं. हाताने मैला साफ करून घेण्यावर 2013 चा कायदा आहे आणि कायद्याआधी मनाची लाज आहे. हे म्हणाले, "नको, मी नेतो." पेटी बाहेर काढून ते पंपाच्या संडासाकडे निघाले तेव्हा तो मुलगा ओशाळून मागे धावला. "तुम्ही कशाला सर?" गार्दाकाठी हाच माणूस हीच पेटी घेऊन रांगेत उभा होता, तेव्हा कुणी वर मानही केली नव्हती.

माझ्या मते मोटरहोम आपल्याकडे न रुजण्याचं निम्मं कारण इथे आहे. रस्ते, जागा, वीज यांची सोय होईल. पण प्रवासाचा आनंद आपला आणि त्यामागची घाण दुसऱ्या कुणाची, ही वाटणी आपल्या अंगवळणी इतकी पडली आहे की स्वतःची पेटी स्वतः नेणारा माणूस आपल्याला विचित्र वाटतो. जाऊबाईंना हे पटलं नाही. त्या म्हणाल्या, "अहो, मुळात आपल्याला गाडीत संडासच नको असतो. बाहेर हॉटेल आहेत ना!" तेही खरं. त्यांनी अखेरपर्यंत तो वापरला नाही आणि दर चहाच्या टपरीवर गाडी थांबवली.

रसायनाची एक गोष्ट कामाची आहे. पेटीत घालायची निळी द्रव्यं जंतू मारतात, म्हणून ती सेप्टिक टँकमध्ये ओतायची नसतात. टँकमधला मैला कुजवणारे जंतूही त्याबरोबर मरतात. हिरव्या रंगाची वेगळी मिळतात, ती चालतात. आपल्याकडे गावात ड्रेनेज नाही, घरोघरी टँकच आहे, तेव्हा हिरवंच घ्यावं. बंगळूरभोवती असे टँक उपसणारे ट्रक 'हनीसकर' नावाने फिरतात आणि त्यांतला काही मैला शेतकरी खत म्हणून शेतात घेतात. आपलं निळं रसायन अखेर कुणाच्या तरी केळीच्या बागेत पोचायचं.

चित्रदुर्गात एका पर्यटक निवासाच्या आवारात पैसे देऊन थांबलो. किल्ला तुम्हाला ठाऊक असतोच. ओनके ओबव्वेने मुसळाने शत्रू टिपले ती कपार पाहायला गाइड नेतातच. आमच्या मुक्कामाचा विषय वीज होता. तिकडे कॅम्पमध्ये जवळपास सगळीकडे एकाच मापाचा निळा प्लग चालतो. इथे आमच्याकडे पंधरा अँपियरचा थ्री पिन आणि पन्नास फूट वायर. निवासाच्या वॉचमनने ती गीझरच्या सॉकेटला जोडून दिली. एसी आणि इंडक्शन एकदम लावलं की त्यांच्या आवारातला दिवा जायचा. तिसऱ्यांदा गेला तेव्हा वॉचमन येऊन शांतपणे विचारून गेला, "इडली आणू का बाहेरून?"

तिथून होळलकेरेमार्गे चन्नगिरी तालुक्यात गेलो ते होदिगेरेसाठी. बंगळूरच्या मराठी माणसाने इथे एकदा तरी यावं. 1638 च्या सुमाराला आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाच्या मोहिमेबरोबर शहाजीराजे कर्नाटकात आले, बंगळूर त्यांची जहागीर झाली, आणि 23 जानेवारी 1664 ला होदिगेरेच्या रानात शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून ते गेले. समाधी साधी आहे, भोवती कुंपण आणि शांत परिसर. शहाजींचं उतारवय बहुतेक छावणीतच गेलं. पुरं गाव तंबूंसकट हलायचं, मागून धान्याचे बैल, त्याच्याही मागे न्हावी, धोबी, भंगी. आमच्या पेटीचा प्रश्न त्या छावणीत कसा सुटला असेल, हा विचार समाधीपुढे उभं राहून करायचा नसतो. पण माझ्या मनात आला खरा.

जवळच संतेबेन्नूरची पुष्करणी आहे. पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत जाणारं चौकोनी तळं आणि मधोमध पाण्यात उभा असलेला मंडप, सोळाव्या शतकातल्या हनुमप्पा नायकाने बांधलेला. काठावरच्या इमारतीला मुसाफिरखाना म्हणतात आणि तो त्याच रणदुल्लाखानाचा, असं सांगतात. म्हणजे वाटसरूची सोय हा प्रकार या मुलखाला नवा नाही.

त्या रात्रीची आमची सोय एका सुपारीबागवाल्याने केली. समाधीपाशी ओळख झाली होती. त्यांचा सुपारीचा हंगाम ऐन भरात होता. अंगणात चुलाणावर मोठी तांब्याची हंडी, तिच्यात सोललेली ओली सुपारी शिजत होती. पाणी साधं नव्हतं, आधीच्या घाण्यातलं राखून ठेवलेलं तांबडं-काळं 'चोगरु' त्यात घातलं होतं. त्यानेच सुपारीला तो मातीसारखा लाल रंग चढतो. शिजलेली सुपारी बांबूच्या चटयांवर पसरत होते. वाफेला तुरट वास, थोडा कातासारखा. बायका सोलणीला बसल्या होत्या, लाकडी पाटाला ठोकलेल्या विळीसारख्या पात्यावर. मालकीणबाईंनी आमचं घर आतून पाहायला मागितलं. ओटा उघडून पाहिला, फ्रिज उघडला, पलंग दाबून पाहिला आणि शेवटी संडासाचं दार उघडून विचारलं, "हे जातं कुठे?" मी पेटी दाखवली. त्या म्हणाल्या, "स्वयंपाकघराला लागून?" आणि हसायला लागल्या. सकाळी मात्र त्यांनीच घरामागच्या टँकचं झाकण कुठे आहे ते दाखवलं, बादलीभर पाणी आणून ठेवलं आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या. तोवर मी ओतायला सरावले होते.

वीज तिथे आणखी वेगळी. खेड्यात पंपासाठी थ्री फेज काही तासच मिळते, बाकी वेळ सिंगल फेज. आणि सगळ्यांचे पंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज बसतं. आमचा इन्व्हर्टर रात्रभर टुकटुक करत राहिला. एसीची गरजच नव्हती, बागेतली हवा गार होती. डास मात्र होते, आणि टीटीच्या खिडक्यांना जाळी एकाच बाजूला.

दावणगेरेत लोणी डोसा खाऊन हरपनहळ्ळीमार्गे होसपेट गाठलं. हंपीबद्दल इतकं लिहून झालं आहे की मी फक्त गाडीपुरतं सांगते. विठ्ठल मंदिरापर्यंत गाडी नेता येत नाही, अलीकडेच उतरून बॅटरीच्या गाडीने किंवा पायी जायचं. आमच्या दिरांना ते खटकलं, मला बरं वाटलं. भानुदासांनी इथूनच विठ्ठलाला पंढरपुराला परत नेलं, अशी आपली कथा. कमलापूरला एका होमस्टेने अंगणात जागा दिली आणि खोलीच्या भाड्याएवढे पैसे घेतले. सांगितलं तर खोलीही घ्या म्हणाले. घेतली. चौघांपैकी दोघं त्या रात्री खोलीत झोपलो, आणि कोण झोपलं यावरून उगाच वाद नको म्हणून चिठ्ठ्या टाकल्या.

संडूरला गेलो ते शेवटी. बळ्ळारी जिल्ह्यातलं हे घोरपड्यांचं मराठी संस्थान 1949 मध्ये विलीन झालं. आजूबाजूला लोहखनिजाच्या खाणी, रस्ता लाल, गाडी लाल, जाऊबाईंची पांढरी साडी अबोली. पण डोंगरात शिरलं की हिरवाई इतकी दाट की हा बळ्ळारी जिल्हा आहे हे विसरावं. इथलं लमाणी भरतकाम प्रसिद्ध आहे. संडूर कुशल कला केंद्रात बायका आरशांचे तुकडे आणि कवड्या लावून कापड भरताना पाहिल्या. या लमाणांचे पूर्वज हजारो बैलांवर धान्य आणि मीठ लादून दख्खनभर हिंडले. मोगल असोत की मराठे, फौजांना अन्न पोचवणारे तेच. कुटुंबं, स्वयंपाक, बाळंतपणं, सगळं चालत्या तांड्यात. त्यांना जागा कुणी आखून दिली नव्हती. पुढे रेल्वे आली, बैलांचा धंदा बसला, आणि इंग्रजांनी 1871 पासून ज्या फिरत्या जमातींना गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, त्यांच्या यादीत ठिकठिकाणी लमाणांची नावंही चढली. फिरत्या घराकडे संशयाने पाहायची सवय आपल्याला तेव्हापासूनची असावी. होसपेटच्या बाहेर रात्री गस्तीवरच्या पोलिसाने काचेवर काठी वाजवली, ओळखपत्रं पाहिली आणि विचारलं, "घर नाही का?"

खर्चाचं सांगायचं तर स्वस्तात पडेल या समजुतीने कुणी जाऊ नये. दिवसाचं भाडं, ठरलेल्या किलोमीटरांपुढे दर किलोमीटरला वेगळे पैसे, डिझेल, टोल, अण्णांचा रोजचा बाटा म्हणजे भत्ता, आणि जिथे थांबू तिथल्या वीज-जागेचे. चांगल्या हॉटेलच्या दोन खोल्या आणि साधी टॅक्सी यापेक्षा जास्तच झालं. परत करताना मालकांनी गाडीच्या प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढला. निघतानाही काढले होते, म्हणून तंटा झाला नाही. तुम्हीही काढून ठेवा, टाकीच्या आतल्या बाजूसकट.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिलमध्ये बळ्ळारीचा पारा चाळीसच्या वर असतो आणि बॅटरीवर एसी चालत नाही. पावसाळ्यात मलनाड सुंदर, पण शिराडी घाटात दरडी येतात आणि आगुंबेच्या चौदा वळणांवर अवजड गाड्यांना मनाई आहे. म्हैसूरकडून वायनाडला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की बंडीपूरच्या जंगलातून राष्ट्रीय महामार्ग 766 रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो, 2009 पासून, वन्यप्राण्यांसाठी. फाटकापाशी अडकलेल्यांची रांग असते आणि तिथे संडास नाही. दिरांनी पुढच्या जानेवारीसाठी वागमोनचं नाव काढलं आहे. अण्णांनी दर सांगितला, केरळात शिरताना पिवळ्या पाटीच्या गाडीच्या परमिटचं काय ते पाहतो म्हणाले. जाऊबाई म्हणाल्या, आधी तिकडच्या टपऱ्यांची यादी करा.